गॅलरीतून दिसलेला चेहरा

१८ नोव्हेंबर २०२२

काल सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हे गेले. चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. दुसऱ्याच दिवशी मॉनिटर बघून मला कळलं होतं, पण अभयला सांगितलं नाही. चौतीस वर्षं वॉर्डात नोकरी केली, डॉक्टर बोलायच्या आधी कळायचं. या वेळीही कळलं, एवढंच.

ड्यूटी संपताना रिपोर्ट लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं. आज ही वही काढली, कारण सगळे विचारतात आणि प्रत्येक वेळी सांगताना माझा गोंधळ होतो. एकदा नीट लिहून ठेवते.

रविवार, १३ तारीख. संध्याकाळचे सव्वासहा झाले असतील. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. हे दादरहून भाजी घेऊन येत होते. गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल यांना घासून गेली, हातातली पिशवी पडली. हे काहीतरी बोलले. तो थांबला, हेल्मेट काढून खाली उतरला. शब्दाला शब्द वाढला. मी वरून हाक मारली, "अहो, सोडा, वर या." तेवढ्यात त्याने हातातलं हेल्मेट यांच्या डोक्यात घातलं. हे फुटपाथच्या कडेवर पडले. तो एकदा वर बघून हेल्मेट चढवून निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट. रस्त्यावरचे दिवे लागायचे होते. मी यांच्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

हे रोज जिन्यातूनच आवाज द्यायचे, "चाय ठेव गो, इलंय मी."

२१ नोव्हेंबर

पोलीस घरी येऊन जबाब घेऊन गेले. उंची किती? यांच्यापेक्षा उंच. वय? पंचवीस, तीस. दाढी होती का? मी म्हटलं, असेल, अंधारून आलं होतं. गाडी काळी की निळी, तेही सांगता येईना. साहेबांनी विचारलं, "पुन्हा समोर आला तर ओळखाल?" अभय माझ्याकडे बघत होता. बाप गेल्यापासून तो धड जेवलेला नाही. मी म्हटलं, ओळखेन.

आणि ओळखेनच. मी चेहरे विसरत नाही. पंधरा वर्षांनी रस्त्यात भेटलेल्या पेशंटचा बेड नंबर मी सांगते. सगळं हॉस्पिटल जाणतं.

५ डिसेंबर

हवालदार आले होते. भला माणूस आहे, यांच्या फोटोला हात जोडून मगच बसला. म्हणाला, एक पोरगा उचललाय, वरळीच्या बीडीडी चाळीतला. कॉलेजात असताना मारामारीची केस झालेली, गाडी निळी. मोबाइलवर फोटो काढून माझ्यापुढे धरला. "वहिनी, घाई नाही. नीट बघा."

मी बराच वेळ पाहिलं. आधी वाटलं, हा नाही, हा अंगाने फारच बारीक. मग डाव्या भुवईवरचा व्रण दिसला. तो व्रण त्या दिवशीही होता असं हळूहळू ध्यानात आलं. हवालदार म्हणाला, "फोटोचं कुठे बोलू नका. ओळख परेडला तुमच्या मनाने ओळखायचं." माझ्या मनावर सोडलं याचं बरं वाटलं. कोणी जबरदस्ती केली नाही.

अभय म्हणाला, "तसल्या वस्तीतलाच असणार, मला वाटलंच होतं." त्याला मी काही बोलले नाही. माझ्याबरोबर कामाला असलेल्या निम्म्या मुली बीडीडीतल्या होत्या.

२२ डिसेंबर

आर्थर रोडला ओळख परेड झाली. सात जण एका रांगेत. मी आत गेले आणि एका क्षणात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, दुसऱ्या कोणाकडे बघावंच लागलं नाही. मी खांद्याला हात लावला तसं त्याने खाली पाहिलं. निर्दोष माणूस खाली बघणार नाही. परेड घेणारे अधिकारी म्हणाले, इतक्या लवकर कोणी ओळखत नाही, बाई.

नाव दीपक. दीपक तांबे. घरी आल्यावर यांच्या फोटोपुढे दिवा लावला आणि सांगितलं. महिन्याभरात पहिल्यांदा नीट झोप लागली.

७ डिसेंबर २०२३

काल तिथीने वर्षश्राद्ध झालं. भटजींनी विचारलं, अपघात का? अभय म्हणाला, खून. पाहुण्यांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. आता सांगताना गोंधळ होत नाही. तो कसा वर बघत होता, भुवईवरचा व्रण, बारीक दाढी, निळी गाडी, सगळं समोर उभं राहतं. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढं कसं गो तुला दिसलं वरून?" मी म्हटलं, नवरा मरताना बाई काय डोळे मिटते?

केस अजून उभी राहिलेली नाही. तो आत आहे.

११ जून २०२४

माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तो माणूस आज कोर्टात आहे का? मी बोट दाखवलं. फार वाळलाय.

आरोपीच्या बाजूने आरोही म्हणून एक तरुण वकील आहे. सरकारकडून मिळालेली, फुकटची, म्हणून अभय हसत होता. पण तिने एकेक प्रश्न सावकाश विचारला. दिवे लागले होते का? नाही. तुम्ही किती उंचावर होतात? पहिला मजला. पहिल्या जबाबात व्रणाचा उल्लेख का नाही? मी म्हटलं, तेव्हा माझी मनःस्थिती नव्हती. मग तिने विचारलं, "परेडच्या आधी पोलिसांनी तुम्हाला आरोपीचा फोटो दाखवला होता का?"

मी म्हटलं, नाही.

सरकारी वकिलांनी सकाळीच बजावलं होतं, फोटोबिटोचं काही मध्ये आणू नका, तांत्रिक मुद्दा करून सुटतात लोक. आणि खरंच तो फोटो ओळखायला नव्हता. ओळखलं मी परेडमध्ये. तरी घरी आल्यावर यांच्या फोटोपुढे दिवा लावायचा राहून गेला. कोर्टाचा ताण, दुसरं काय.

त्याची आई मागच्या बाकावर होती. मालन नाव. माझ्याच वयाची. पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

२० ऑगस्ट २०२४

सरकारी वकिलांनी बोलावून घेतलं. आरोपीचं म्हणणं आहे की तेव्हा तो परळला हॉस्पिटलमध्ये आजीजवळ होता. आजीचा हर्निया अडकला, तातडीचं ऑपरेशन ठरलं. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून त्याची सही आहे आणि वेळ लिहिलीय सहा वाजून पंधरा मिनिटं. आजी तर पुढे दोन महिन्यांत वारली. आईबाप त्याच्याच बाजूने बोलणार. म्हणजे उरला तो हा एक कागद आणि वॉर्डातली एक सिस्टर.

"तुम्ही याच कामातल्या," ते म्हणाले. "खरं सांगा, या वेळा जागच्या जागी लिहितात का?"

मी खरं ते सांगितलं. गर्दी असली की नाही लिहीत. ड्यूटी संपताना अंदाजाने भरतात. मीही भरल्यात. ते खूश झाले, लिहून घेतलं.

निघताना सिस्टरचं नाव विचारलं. रुपाली. माझी रुपाली. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होती.

२१ ऑगस्ट

आज कोर्टात मुद्दाम जाऊन बसले. रुपालीने मला पाहिलं, मान हलवली आणि साक्षीला उभी राहिली.

ती म्हणाली, म्हातारी घाबरलेली होती, हात थरथरत होते, म्हणून मी अंगठा घ्यायला शाईचं पॅड काढलं. तेव्हा हा मुलगा म्हणाला, "सिस्टर, आजीला सही येते. तिची सही घ्या." आजी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात चाळिशीला लिहायला शिकली होती म्हणे. त्याने फाइल धरली आणि म्हातारीने एकेक अक्षर काढत रमाबाई लिहिलं. तिकडे थिएटरवाले ओरडत होते, मला उशीर होत होता, म्हणून ध्यानात राहिलं. नंतर तो थिएटरच्या दारात उभा होता, आजीला बाहेर आणेपर्यंत.

मग सरकारी वकील उठले. सिस्टर, रविवारी भेटीच्या वेळी वॉर्डात किती माणसं असतात? शंभर-सव्वाशे. सगळ्यांचे चेहरे लक्षात राहतात? नाही. वेळ कधीकधी ड्यूटीच्या शेवटी लिहिली जाते, हे खरं ना? रुपाली माझ्याकडे बघून म्हणाली, "कधीकधी. संमतीपत्रावर नाही."

"पण कधीकधी," वकील म्हणाले आणि खाली बसले.

संमतीपत्रावर वेळ मागाहून लिहायची नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मी काल वकिलांना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

२५ ऑगस्ट

राहवलं नाही. रुपालीकडे लालबागला गेले. खाली मसाला कुटायचे डंके चालू, जिना चढेपर्यंत ठसका लागला. तिने पाणी दिलं, पण समोर बसली ती हात बांधून.

मी म्हटलं, "रुपाली, दोन वर्षं झाली. शेकडो नातेवाईक बघतेस तू. हाच पोरगा होता हे तू इतकं खात्रीने कसं सांगतेस?"

"सिस्टर, मी त्याच्याशी बोलले. दीड तास तो माझ्यापुढे होता."

"तुझी चूक होऊ शकते."

"होऊ शकते." ती म्हणाली. "तुम्ही त्याला किती वेळ बघितलंत?"

मी ग्लास खाली ठेवला.

"सिस्टर, तुम्ही मला काय शिकवलं होतं? पेशंटला नावाने हाक मारून रक्ताची बाटली लावू नका. तुमचं नाव काय, असं त्यालाच विचारा. आपण नाव घेतलं की घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या नावालाही हो म्हणतो." मग हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी आधी नाव सांगितलं होतं का?"

मी उठले. चहा न पिताच निघाले. तिने दारापर्यंत येऊन माझी पिशवी हातात दिली.

२६ ऑगस्ट

जुनी पानं वाचली नाहीत. वाचायची गरज नाही. मला आठवतंय सगळं.

३० ऑगस्ट

वाचली.

१ सप्टेंबर

अभय आला होता. त्याला फोटोचं सांगितलं. म्हटलं, मला आता खात्री वाटत नाही. सरकारी वकिलांना सांगायला हवं.

त्याने समोरची वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाला, "आई, तू आत्ता बदललीस तर लोक म्हणतील पैसे खाल्ले. पोलीस म्हणतील खोटी साक्ष. तुला आत टाकतील, माहितीय?"

"आणि तो नसेल तर?"

"मग कोण आहे? सांग ना. बाबांना कोणी मारलं मग?" त्याला रडू फुटलं. चाळिशीचा मुलगा, असा रडताना मी त्याला फक्त शाळेत असताना पाहिलंय. "मला एक तरी माणूस दे, आई. मला कोणावर तरी चिडू दे."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शनिवारी गणपती येतायत. म्हटलं, बघू, गणपती गेले की बोलू.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आजूबाजूचे सगळे दमून झोपलेत. वकिलांना फोन केला, ते दुसऱ्या केसमध्ये आहेत. सोमवारी निकाल लागल्यावर भेटू म्हणाले. मी म्हटलं, निकालाच्या आधी भेटायचं होतं. ते म्हणाले, "ताई, आता काळजी नको. युक्तिवाद संपलेत, केस भक्कम आहे."

परत फोन करायला हवा होता. केला नाही. मनात कुठेतरी वाटत होतं, कोर्ट आहे, शिकलेली माणसं आहेत, ती बरोबर तेच करतील. मी एकटीने का ठरवायचं?

२३ सप्टेंबर

दहा वर्षं सक्तमजुरी.

निकालातला भाग वाचून दाखवला तेव्हा मी उभी होते. साक्षीदार क्रमांक एक ही सुशिक्षित स्त्री आहे. परिचारिका म्हणून चेहरे लक्षात ठेवणं तिच्या कामाचा भाग होता. आरोपीशी तिचं वैर नाही, खोटं बोलायचं तिला कारण नाही. तिची साक्ष उलटतपासणीत ढळली नाही. संमतीपत्रावरची वेळ मागाहून लिहिली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आरोपी दुसरीकडे होता हे शाबीत करण्याची जबाबदारी त्याची होती, ती त्याने पार पाडलेली नाही.

भर कोर्टात माझं एवढं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दीपकने काही आरडाओरडा केला नाही. पोलीस नेत असताना आईला म्हणाला, "बाबांच्या गोळ्या संपल्यात, आठवणीने आण." मालनबाई हो म्हणाल्या. तो गेल्यावर त्या खाली बसल्या, बाकावर नाही, जमिनीवर. अभय माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आला. त्याने कोणाला तरी फोन करून न्याय मिळाला असं सांगितलं.

१४ ऑक्टोबर २०२४

आरोही वकिलांच्या ऑफिसात गेले. त्यांना वाटलं, मी रस्ता चुकले. वही टेबलावर ठेवली आणि पाच डिसेंबरचं पान उघडून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तुम्ही कोर्टात नाही म्हणालात."

"हो."

"हे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंत तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते. आणि हायकोर्ट मानेलच असंही नाही. निकालानंतर साक्ष फिरवणाऱ्यावर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही. महिन्याभरापूर्वी आला असतात तर तुम्हाला पुन्हा साक्षीला बोलावता आलं असतं."

महिन्याभरापूर्वी घरात मोदक होते. मी सही केली. वहीच्या प्रती काढायला दोन तास लागले. त्या वेळात त्यांनी मला एकदाही बाई, ताई काही म्हटलं नाही.

२० ऑक्टोबर

अभयला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना तू दुसऱ्यांदा मारलंस." फोन ठेवला. दिवाळीला येणार नाही असा सुनेचा मेसेज आला.

१९ जानेवारी २०२५

वरळीला जाऊन आले. बीडीडीच्या जुन्या चाळी पाडतायत, तांबे कुटुंब जवळच संक्रमण शिबिरात राहतं. एकच खोली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली दीपकच्या आजीचा, रमाबाईंचा फोटो. गणपतराव, दीपकचे वडील, कॉटवर होते. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मालनबाईंनी बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं की प्रतिज्ञापत्र दिलंय, माझी चूक झाली.

"रुपाली सिस्टर सांगत होत्या," त्या म्हणाल्या. "आमच्या आत्याबाई, यांच्या आई, शेवटपर्यंत म्हणायच्या, माझी सही आहे ना त्या कागदावर, मग कोर्ट मानेल. सही असली की मानतात, असं त्यांना वाटायचं." मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून शंका होती?"

मी खरं सांगितलं. "ऑगस्टपासून."

"निकाल सप्टेंबरात लागला."

"हो."

कुकरची शिट्टी झाली, त्या उठून गॅस बारीक करायला गेल्या. तिथेच माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. थोडा वेळ थांबून मी चप्पल घातली.

१२ ऑगस्ट २०२५

आरोही वकिलांचा फोन. हायकोर्टाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. कारण माझं प्रतिज्ञापत्र नाही. ते अपिलाच्या वेळी बघू, म्हणाले. कारण संमतीपत्र. थिएटरच्या वहीत आजीला आत घेतल्याची वेळ सहा वाजून पंचवीस मिनिटं अशी नोंद आहे, ती खालच्या कोर्टात कोणी काढलीच नव्हती. दीपक दोन वर्षं आठ महिने आत होता.

अभयला मेसेज केला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सव्वासहाच्या सुमारास खालून कोणीतरी आमचं आडनाव घेऊन विचारलं, "परबांचं घर कुठलं?" गॅलरीत आले. रुपाली होती, तिच्याबरोबर एक माणूस. तिने वर बघून सांगितलं, "सिस्टर, दीपक आलाय. त्याला जागा बघायचीय."

मी खाली जायला निघाले तर तो म्हणाला, "नाही, तुम्ही तिथेच थांबा."

तो गल्लीच्या तोंडाशी गेला. कुठे, असं विचारलं. मी हाताने दाखवलं, अजून थोडं पुढे, खांबाच्या अलीकडे. तिथे उभा राहून त्याने मान वर केली. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. मला एक उंच माणूस दिसला, शर्ट दिसला, डोकं दिसलं. चेहऱ्याच्या जागी काळोख होता. समोर दीपक आहे हे माहीत असूनही मला तो ओळखता आला नाही.

"दिसतोय का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग इमारतीखाली आला. मी खाली उतरले, वर या म्हटलं, तर मान हलवली. जवळून बघितलं तेव्हा कानाजवळ पांढरे केस दिसले. सत्तावीस वर्षांचा आहे.

"मी ही गल्ली आज पहिल्यांदा बघितली," तो म्हणाला. "तीन वर्षं सगळे मला विचारत होते, तू तिथे काय केलंस. मला माहीतच नव्हतं कुठे." मग त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग तो कसा होता? खरा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. डोळे मिटले. हे पिशवी उचलायला वाकलेत, तो हेल्मेट काढतो, वर बघतो. सगळं लख्ख दिसतं.

"सांगा ना," दीपक म्हणाला. "कोणी तरी शोधेल त्याला."

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "मी आठवते तेव्हा तूच असतोस."

रुपालीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हो म्हणाला, जणू हे त्याला ठाऊकच होतं. दोघं गल्लीतून निघून गेले तेव्हा दिवे लागले होते. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले. यांना मारणारा माणूस या शहरात कुठेतरी आहे. त्याला बघितलेली मी एकटी होते, आणि माझ्याकडे त्याचा चेहरा नाही.